वायरला लायसन, गॅसला कोण विचारतो?

मार्च लागला की आपल्या कोल्हापुरात, राजारामपुरीपासून कळंब्यापर्यंत, एसी बसवणाऱ्या पोरांचे फोन लागत नाहीत. लागलाच तर "परवा येतो दादा". आज त्या पोरांच्या कामाबद्दल बोलू. प्रश्न साधा आहे: तुमच्या भिंतीवर एसी लावायला येणाऱ्या माणसाला सरकारचं लायसन लागतं का?

उत्तर अर्धं हो, अर्धं नाही.

आधी 'हो' कुठं ते बघू. विजेच्या सुरक्षेचे केंद्राचे नियम आहेत. १९५६ च्या जुन्या नियमांत हा ४५ वा नियम होता, पुढं तो २०१० च्या आणि मग २०२३ च्या नियमावलीत आला. त्याचा अर्थ असा की घरातलं वायरिंग, त्यातली वाढ, बदल, दुरुस्ती हे राज्य सरकारचं लायसन असलेल्या विद्युत ठेकेदारानंच करायचं. देखरेखीला प्रमाणपत्र असलेला सुपरवायझर हवा आणि प्रत्यक्ष वायरला हात लावणाऱ्याकडं परवाना हवा. सूट आहे ती बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच आणि २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणं बदलायला. तीसुद्धा मूळ जोडणीची क्षमता बदलत नसेल तरच.

म्हणजे जुना एसी काढून तेवढाच नवा लावला, तर विषय नाही. पण बेडरूममध्ये पहिल्यांदाच दीड टनाचा एसी येतोय, मीटरपासून नवी लाइन ओढायचीय, नवा एमसीबी टाकायचाय, तर ते लायसनचं काम झालं. नवीन मीटर घेताना महावितरणला ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो, त्यामागंही हाच विचार आहे. आता सही एकाची आणि पक्कड दुसऱ्याच्याच हातात, असं किती घरांत झालंय ते तुम्ही मला सांगू नका, मी तुम्हाला सांगत नाही.

आता 'नाही'. तांब्याचे पाइप जोडणं, ब्रेझिंग, व्हॅक्यूम काढणं, गॅस भरणं. घरोघरी हे करणाऱ्या माणसाला आपल्या राज्यात असं वैयक्तिक लायसन लागत नाही. आयटीआयला रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा २ वर्षांचा ट्रेड आहे, चांगला आहे, पण तो केल्याशिवाय कामच करायचं नाही असं बंधन नाही. वायर तपासायला कायदा आहे आणि गॅस रामभरोसे.

पूर्वी हे खपून जायचं. जुन्या एसीतला आर-२२ ओझोनला वाईट, पण पेट घेणारा नव्हे. माँट्रियल करारामुळं तो आता बाद होत चाललाय. त्याच्या जागी आलेला आर-३२ सौम्य का होईना, ज्वलनशील आहे. काही एसींत तर आर-२९० असतो, म्हणजे चक्क प्रोपेन. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसचा सख्खा भाऊ! आणि पाइप जोडायला आपला गडी टॉर्च पेटवतो.

त्याहून भयानक प्रकार म्हणजे लीक शोधायला पाइपमध्ये ऑक्सिजन भरणं. ब्रेझिंगसाठी सिलिंडर जवळ असतोच, म्हणून तोच जोडतात. कॉम्प्रेसरमध्ये तेल असतं. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. यासाठी कोरडा नायट्रोजनच वापरायचा असतो, रेग्युलेटर लावून. हे कळायला इंजिनिअरिंग लागत नाही, कुणीतरी एकदा नीट शिकवावं लागतं.

अमेरिकेत १९९४ पासून रेफ्रिजरंट हाताळणाऱ्या तंत्रज्ञाला केंद्राची परीक्षा पास व्हावी लागते. त्यावर कित्येक राज्यांचं वेगळं लायसन. टेक्सासमध्ये ठेकेदार व्हायला साधारण ४ वर्षं परवानाधारकाच्या हाताखाली काम करावं लागतं, मग परीक्षा.

तसंच इथं उद्या लागू करा, असं मी म्हणणार नाही. मी बीटेक, दिवसभर कोड लिहितो, मला कुणी लायसन विचारत नाही. उद्यमनगरात निम्मी विद्या उस्तादाच्या शेजारी उभं राहून शिकली जाते. अशा पोराला तू फॉर्म भर, फी भर, चार चकरा मार म्हटलं की एजंटाचंच दुकान चालणार. पण काहीच नको, हेही मला पटत नाही, कारण स्फोट झालाच तर पहिला तोच पोरगा सापडतो.

मधला रस्ता आहे. २०१९ च्या इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये २०२२-२३ पर्यंत १ लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं ध्येय ठेवलं होतं. आधी हातानं शिकलेल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची सोयही कौशल्य विकास योजनेत आहे. निदान ज्वलनशील गॅससाठी हे सक्तीचं करा, पण परीक्षा पाइपवर घ्या, कागदावर नको. आणि फी एसी विकणाऱ्या कंपन्यांनी भरावी, असं माझं स्पष्ट मत.

तोवर तुमच्या घरी इन्स्पेक्टर तुम्हीच. नवी लाइन ओढत असाल तर बिलावर ठेकेदाराचा लायसन नंबर मागा. लीक टेस्टला नायट्रोजन आणलाय का, व्हॅक्यूम पंप आणलाय का, एवढं विचारा. पंप न लावता थोडा गॅस सोडून हवा घालवतो म्हणाला, तर थांबवा. पाइपात ओल राहते आणि खोलीत गॅस सुटतो. आणि नायट्रोजनचे वेगळे पैसे सांगितले तर, भावांनो, तिथं घासाघीस करू नका.