इम्पालाला तिसरं पेडल

जबलपूरच्या गोहलपूरमध्ये माझं गॅरेज आहे. घरात मराठी आणि कामावर हिंदी, त्यामुळे मधेच एखादा ‘भैया’ निसटला तर सांभाळून घ्या.

आज एका गाडीबद्दल बोलतो. साठच्या दशकातली शेव्हरोले इम्पाला, व्ही-8 इंजिन. मालक काका म्हणजे पंच्याहत्तरीचे गृहस्थ, गाडी त्यांच्या वडिलांची. अकरा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. इंजिन ठणठणीत, पण पॉवरग्लाइड, म्हणजे दोनच गिअरांचा ऑटोमॅटिक, घसरायचा. रेस वाढे, गाडी हलेना. काका म्हणाले, “क्लच बसतो का बघ. नाही तर भंगारवाल्याला बोलावतो.”

जुन्या गाड्यांचे शौकीन यावर नाक मुरडतात, ‘मूळपण गेलं’ म्हणतात. मला हे पटत नाही. कंपनीनंच तेव्हा इम्पाला क्लचसहसुद्धा विकली होती. आणि अमेरिकेत हे हौसेनं करतात, आपल्याकडे गरजेपोटी. पेट्रोल परवडेना म्हणून आपल्या लोकांनी कितीतरी डॉज-प्लिमथमध्ये डिझेल इंजिनं बसवली आणि गाड्या रस्त्यावर ठेवल्या.

जबलपूर म्हणजे व्हेइकल फॅक्टरीचं गाव. त्यामुळे प्रत्येकाचा एकच सल्ला, “लिलावातल्या जोंगाचा गिअरबॉक्स ठोक!” पण शेव्हरोलेच्या इंजिनाला तो सरळ बसत नाही. मधे अ‍ॅडॉप्टर प्लेट लागते, आणि तिचं सेंटर चुकलं की गिअरबॉक्सचं बेअरिंग खलास. इथं इंचाच्या पाच हजारांशाचा हिशेब असतो. डायल गेज न लावता हे काम करणाऱ्याकडे गाडी देऊ नका. आम्ही शेव्हरोलेचाच गिअरबॉक्स बेलहाउसिंगसकट मिळवला, मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या मालात.

टॉर्क कन्व्हर्टर आणि त्याची पातळ फ्लेक्सप्लेट काढून जड फ्लायव्हील लावलं. पुढे खरी गोम होती. ऑटोमॅटिकसाठीच्या काही क्रँकशाफ्टना मागच्या टोकाला पायलट बुशचं भोक पूर्ण मापाचं नसतं. हे आधी मोजायचं, खरेदी मग. आमचं नशीब, भोक मापात निघालं. प्रोपेलर शाफ्टची लांबी जुळवून बॅलन्स करून घेतला.

एका गोष्टीवर मात्र मी हटून बसतो. ऑटोमॅटिक गाडी पार्क किंवा न्यूट्रलमध्येच सुरू होते. गिअरबॉक्स बदलला की तो स्विच जातो, आणि बरेच मिस्त्री दोन वायरी जोडून मोकळे होतात. मग गिअरमध्ये असताना कुणी चावी फिरवली तर गाडी उडी मारते. समोर पोर उभं असलं तर? क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरणार नाही, असा स्विच लावाच.

हो, आधी आरटीओत विचारून घ्या. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत.

चासी कुठेही कापली नाही. जुना पॉवरग्लाइड तेल लावून लाकडी पेटीत काकांच्या घरी ठेवलाय, नातवाला परत बसवावासा वाटला तर. काका रोज संध्याकाळी गाडी काढतात. डावा पाय अजून क्लच विसरतो, चौकात गाडी बंद पडते, मागचे हॉर्न वाजवतात, आणि काका खिडकीतून हात बाहेर काढून सगळ्यांना नमस्कार करतात.