पहिला खेळ

ताट कितीही सुबक असले, तरी जेवणाऱ्याची तृप्ती वाढलेल्या अन्नानेच होते. खेळयंत्राचेही तसेच आहे. १९८९ साली अमेरिकेत ‘गेम बॉय’सोबत ‘टेट्रिस’ हा ठोकळ्यांचा खेळ दिला गेला आणि पडदा रंगहीन असूनही ते यंत्र घरोघरी पोहोचले. उलट, १९९६ साली ‘निन्टेन्डो ६४’ने ‘मारिओ’च्या नामांकित खेळासह आरंभ केला, परंतु महागड्या कॅसेटींमुळे पुढील खेळ थोडेच आले आणि स्वस्त तबकड्यांवरील ‘प्लेस्टेशन’ने त्यास मागे टाकले.

बडोद्याच्या सुभानपुऱ्यातील एखादा गृहस्थ मुलाच्या हट्टापायी कित्येक महिन्यांची शिल्लक मोडावयास निघाला, तर त्याने दुकानदारास दोन प्रश्न अवश्य विचारावेत: आज कोणता खेळ मिळेल, आणि वर्षाने कोणते? पहिला खेळ उंबरठा ओलांडून देतो. यंत्र घरात नांदते ते पुढच्या खेळांमुळे.