दाराजवळची पिशवी

23 सप्टेंबर 2023. मध्यरात्र उलटली आणि नागपूरवर पाऊस अक्षरशः कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदी फुगली. अंबाझरी लेआउटमधल्या अनेकांना जाग आली तेव्हा पाणी घरात शिरले होते. सुटकेसाठी लष्कराला यावे लागले.

अशा वेळी कपाट उघडायला सवड नसते.

पावसाळ्यात अंडरपासमध्ये तुंबणारे पाणी नागपुरातल्याच मनीषनगरकरांना नवे नाही. तिथेही घरोघरी एक पाठपिशवी दाराजवळ, उंच खुंटीला तयार हवी. पाणी, फुटाणे, टॉर्च, शिट्टी, चार्ज केलेली पॉवर बँक, थोडी सुटी रोकड. आधार, रेशनकार्ड, घराच्या कागदांच्या प्रती दुहेरी प्लॅस्टिकमध्ये. जवळच्यांचे नंबर कागदावर लिहिलेले, कारण मोबाइल बंद पडला की मुलीचा नंबरही आठवत नाही. आणि औषधे! आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आठवडाभर पुरतील एवढ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. जुना का होईना, एक चष्मा.

पिशवी आजीलाही उचलता येईल इतकीच जड असावी. मृग लागला की उघडून गोळ्यांच्या तारखा बघाव्यात, पाणी बदलावे. पिशवीवरच ठळक अक्षरांत लिहावे: मदतीसाठी 112, जिल्हा नियंत्रण कक्ष 1077.