जुन्या इंजिनाची निगा

(ज्ञातिमंडळाच्या येवला येथील वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



संमेलनाच्या चालकांनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवडही माझ्यावरच सोपविली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. अशा प्रसंगी शिक्षण, विवाहातील खर्च, ज्ञातीची संघटना यांवर विद्वान वक्ते बोलतात, आणि त्यांनी बोलावेच. त्या मानाने माझा विषय काहीसा तेलकट आणि काळवंडलेला आहे. दोन-तीन लाख किलोमीटर धावलेल्या पिकअप गाडीचे इंजिन पुढेही भरवशाने कसे चालवावे, एवढाच तो विषय आहे.

हा विषय ज्ञातीच्या व्यासपीठावर कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्यापैकी पुष्कळ घरांत आजही पैठणीचा माग आहे. पण त्याच घरातील एखादा भाऊ किंवा पुतण्या पिकअपवर असतो. अंदरसूल, पाटोदा, राजापूर या बाजूंचा कांदा बाजार समितीच्या लिलावाला पोहोचवावा, परतताना खताच्या गोण्या आणाव्यात, सायंकाळी मनमाड-कोपरगावचे भाडे मिळाले तर तेही करावे, असा त्याचा दिवस असतो. गाडी बहुधा दुसऱ्या हातची आणि तिच्यावर कर्ज. अशा गाडीचे इंजिन उतरले, तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने राहतो. खरिपाच्या लाल कांद्याला तो धीर नसतो. त्या दिवसांत गाडी आठ दिवस गॅरेजात राहिली, की शेतकरी दुसरी गाडी पाहतो आणि पुढच्या हंगामीही त्याच गाडीला बोलावतो. म्हणून हा विषय केवळ लोखंडाचा नाही, घराच्या अन्नाचा आहे.

प्रथम या यंत्राने किती काम केलेले असते ते पाहू. ताशी ५० किलोमीटर या सरासरीने तीन लाख किलोमीटर म्हणजे सहा हजार तास झाले. मिनिटाला दोन हजार फेरे धरले, तर त्या अवधीत इंजिनाचा दांडा ७२ कोटी वेळा फिरलेला असतो. इतके फिरूनही ते चालते, याचे कारण धातू धातूला टेकत नाही. मध्ये तेलाचा अगदी पातळ पापुद्रा असतो. तो टिकला तर इंजिन टिकते. किलोमीटरच्या आकड्याला भिऊन गाडी विकणारे आणि आकडा कमी म्हणून निष्काळजी राहणारे, दोघेही चुकीच्या गोष्टीकडे पाहतात.

रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याने आपले इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालवून दाखविले. त्याचे तत्त्व आजही तेच आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते. येथे हवा इतकी दाबली जाते की ती पाचशे अंशांपलीकडे तापते आणि त्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणजे सारा खेळ दाबाचा. पिस्टनच्या रिंगा आणि लायनर झिजले, की दाब गळतो, सकाळी गाडी उचल घेत नाही आणि चढावर मान टाकते. ही झीज रोखणे म्हणजे तेल, पाणी, हवा आणि डिझेल ही चार शुद्ध राखणे होय.

तेलाचे पाहू. डिझेल इंजिनाचे तेल थोड्याच दिवसांत काळे होते. त्याने घाबरू नये, काजळी धरून ठेवणे हेच त्याचे काम आहे. परंतु धरण्याची शक्ती संपली, की तीच काजळी बेअरिंगांना घासू लागते. म्हणून कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रतीचेच तेल घ्यावे, आणि धूळ, ओझे व थांबत-थांबत चालणे ज्या गाडीच्या वाट्यास आहे, तिचे तेल पुस्तकातील मुदतीच्या आतच बदलावे. तेलाबरोबर फिल्टरही बदललाच पाहिजे. जुन्या फिल्टरात नवे तेल म्हणजे न घासलेल्या हंड्यात भरलेले पाणी. रोज सकाळी, गाडी सपाट जागी असताना आणि इंजिन थंड असताना, तेलाची पट्टी ओढून पाहावी. पातळी उतरली तर तेल जळते किंवा गळते आहे. पातळी न घालता वाढली, तर आनंद मानू नये. तेलात डिझेल किंवा पाणी उतरले आहे. तेल दुधाळलेल्या चहासारखे दिसले, तर गाडी सुरूच करू नये.

पाण्याविषयी मला थोडे अधिक सांगावयाचे आहे. कारण आपल्या तालुक्यात पाणी हाच मुळात कठीण प्रश्न आहे. आपल्या भागात पुष्कळ ठिकाणी बोअरचे पाणी जड असते. भांड्यात तापविले की तळाशी पांढरी खपली धरते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. तीच खपली रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या पोटात धरते; मग बाहेरून रेडिएटर भरलेला दिसतो, पण उष्णता बाहेर पडत नाही. तेव्हा बोअरचे पाणी घालण्याची सवय सोडावी आणि कूलंट शुद्ध पाण्यात योग्य प्रमाणात मिसळून घालावे. कूलंट गंजही रोखते. रेडिएटरचे झाकण दाब धरते. एक बार दाब धरला तर पाणी शंभराऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते. झाकणाचे रबर गेले तर दाब जातो, आणि एवढ्याशा वस्तूपायी गाडी वाटेत उकळते. काही ठिकाणी गाडी तापू लागली की थर्मोस्टॅट काढून टाकतात. तो उपाय खोटा आहे. त्यामुळे इंजिन हवे तितके तापत नाही, डिझेल पुरते जळत नाही आणि झीज वाढते. शिवाय तापण्याचे मूळ कारण जागच्या जागी राहते.

हवेचे म्हणाल, तर कच्च्या रस्त्यावर पुढच्या ट्रॅक्टरमागे चालणारी गाडी हवेबरोबर धूळही ओढीत असते. धुळीत वाळूचे कण असतात आणि ते लोखंडालाही खातात. एअर फिल्टर रागाने आपटून साफ करू नये. त्याचा कागद फाटतो. आतून बाहेर, हलक्या दाबाने हवा मारावी, आणि वेळ आली की नवा घालावा. फिल्टरपासून इंजिनापर्यंतचा रबरी पाइप चिरलेला असेल, तर उत्तम फिल्टरही व्यर्थ आहे, हे ध्यानात ठेवावे.

डिझेलमध्ये दोन शत्रू, पाणी आणि कचरा. हल्लीच्या कॉमन रेल गाड्यांत डिझेलचा दाब हजार बारच्याही पुढे जातो, आणि इंजेक्टरच्या आतील फट माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक असते. म्हणून फिल्टरखालचे पाणी वेळोवेळी सोडावे, कॅनमध्ये साठविलेले संशयास्पद डिझेल घालू नये, आणि चालू इंजिनाची दाबाची नळी कोणीही हौसेने सैल करू नये. तो फवारा कातडी भेदून आत शिरतो.

आता चालविण्याविषयी. ठरावापेक्षा अधिक माल भरून मिळालेले जादा भाडे पुढे क्लच, हेड आणि टायर यांना द्यावे लागते. इंजिन सुरू होताच ते रेटू नये. तेल वरपर्यंत पोहोचण्यास क्षणभर अवधी द्यावा. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. कसाऱ्याचा घाट ओझ्यासह चढून आल्यावर एकदम चावी बंद केली, तर त्याचे तेल थांबते आणि तापलेल्या बेअरिंगवर जळून बसते. मिनिट-दोन मिनिटे गाडी जागेवर चालू ठेवून मग बंद करावी. आणि घाट उतरताना डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रल करण्याची खोड तर प्राणघातक आहे. गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला, की हल्लीचे इंजिन डिझेल तोडतेच. न्यूट्रलमध्ये मात्र ते जागेवर चालण्यापुरते डिझेल घेत राहते, आणि इंजिनाचा अटकाव गेल्याने सारा भार ब्रेकवर पडतो.

जुने इंजिन सहसा पूर्वसूचना दिल्यावाचून दगा देत नाही. धूर काळा, तर हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळसर, तर तेल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा दाट धूर आणि पाणी कमी होणे, तर हेड गास्केटकडे संशयाने पाहावे. मागावर बसलेला विणकर धोट्याचा आवाज बदलताच हात थांबवितो. धागा तुटल्यावर गाठ मारण्यापेक्षा तुटण्याआधी थांबणे स्वस्त, हे त्याला वाडवडिलांनी शिकविले. तोच कान गाडीलाही लावला पाहिजे.

याकरिता माझी पहिली विनंती अशी, की प्रत्येक गाडीत एक वही असावी. तेल केव्हा बदलले, किती किलोमीटरला. किती तेल वरून घातले. पाणी किती कमी झाले. डिझेलचा हिशेब काय. एका दिवसाच्या नोंदीतून काही कळत नाही. तीन महिन्यांच्या नोंदीतून रोग बाहेर पडतो. पूर्वी दोन हजार किलोमीटरला अर्धा लिटर तेल लागत असे आणि आता हजाराला लागते, हे सांगणारी वही कोणत्याही मिस्त्रीच्या अंदाजापेक्षा खरी. जुनी गाडी विकत घेतानाही अशी वही मागावी, इंजिन पूर्ण थंड असताना ते सुरू करून पाहावे, आणि वही नसेल तर किंमत ठरविताना ते लक्षात धरावे.

दुसरी विनंती गाडीच्या मालकांस आणि घरातील वडीलधाऱ्यांस आहे. तापमानाचा काटा वर गेला, किंवा तेलाचा दिवा लागला, तर गाडी तत्काळ बाजूस घेऊन बंद करावी, तापलेले झाकण उघडू नये, गरम इंजिनात थंड पाणी ओतू नये, हेड तडकते. हे सारे चालविणाऱ्यास ठाऊक असते. तरीही तो "आता दोनच मैल राहिले" म्हणून पुढे जातो. का जातो? कारण लिलावाची वेळ टळली तर घरी बोलणी खावी लागतील, ही त्यास धास्ती असते. त्या दोन मैलांत हेड जाते, प्रसंगी पिस्टन धरतो. तेव्हा वेळेवर गाडी थांबविणाऱ्यास बोल लावू नका. त्या दिवशीचे भाडे बुडाले, तरी इंजिन वाचले, असे म्हणून त्याची पाठ थोपटा. निम्मी इंजिने गॅरेजात वाचत नाहीत, ती घरातल्या या एका वाक्याने वाचतात, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

तिसरी विनंती मंडळास. लाल कांदा येण्यापूर्वी, दसऱ्याच्या सुमारास, एक दिवस ठरवून ज्ञातीतील सर्व गाड्या एकत्र आणाव्यात. आपल्यातीलच जाणत्या मिस्त्रींनी होज, पट्टे, झाकणे, फिल्टर तपासावेत आणि तरुणांना ते हाताने करावयास लावावे. महिंद्र कंपनीचा इंजिनांचा कारखाना आपल्याच जिल्ह्यात इगतपुरीस आहे, मोटारींचा नाशिकास आहे. ज्या जिल्ह्यात इंजिने घडतात, तेथील मुलांनी त्यांचे अंतरंग जाणून घ्यावे, आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा करावा, ही अपेक्षा काही मोठी नाही. दसऱ्यास आपण माग पूजतो, गाडी पूजतो. पूजेच्या आधी तिची तेलाची पट्टी ओढून पाहिली, तर तीही पूजाच आहे.