झाकल्या मुठीचा भाव

सुरत शहराच्या दक्षिण अंगाला, उधना आणि पांडेसरा या औद्योगिक वस्त्यांच्या शेजारी, बमरोली आहे. एके काळचे हे स्वतंत्र गाव आता शहरात सामावून गेले आहे. यंत्रमागांचा खडखडाट आणि कापड रंगवणाऱ्या व छापणाऱ्या गिरण्या ही या साऱ्या परिसराची ओळख. पोटापाण्यासाठी येथे आलेल्या लोकांत जळगाव, धुळे, नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांतून तापीकाठच्या लोहमार्गाने आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. पुरुष मागावर किंवा गिरणीत जातो. घरची स्त्री साड्यांना लेस लावणे, फॉल-पिको करणे, पोलकी शिवणे अशी कामे नगावर घेते. अशा घरात एक दिवस स्वतःचे शिवणयंत्र घेण्याचा विचार निघतो.

हा विचार लहान नाही. दुसऱ्याच्या यंत्रावर बसणारी कामकरीण आपल्या यंत्रावर बसली की तिच्या मजुरीला मालकीचा आधार येतो. त्यासाठी भिशीचे पैसे उचलले जातात, क्वचित एखादा दागिनाही गहाण पडतो. पैसे पदरात बांधून ती बाजारात जाते आणि पहिल्याच दुकानात तिला उमगते की, जिच्यासाठी एवढी जुळवाजुळव केली त्या वस्तूची किंमत कोठेच लिहिलेली नाही.

यंत्रे ओळीने मांडलेली असतात. त्यांच्यावर कंपनीचे नाव सोनेरी अक्षरांत असते. किमतीची चिठ्ठी मात्र नसते. ‘काय भाव?’ असे विचारले तर उत्तराऐवजी उलट प्रश्न येतात. घरापुरते हवे की धंद्यासाठी? रोख देणार की हप्त्याने? कोठून आलात? आणखी कोठे चौकशी केलीत? या प्रश्नांची उत्तरे ऐकता ऐकता समोरचा मनातल्या मनात गिऱ्हाइकाचे मोजमाप घेतो आणि मग एक आकडा सांगतो. शेजारच्या दुकानात तसेच यंत्र दाखवून दुसरा आकडा सांगितला जातो. तिसऱ्या दुकानात तर यंत्र पाहण्याआधी भाव सांगण्याची पद्धतच नसते. झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण आपण अब्रूविषयी वापरतो. येथे ती व्यापाराला अक्षरशः लागू पडते.

यात सारा दोष विक्रेत्याच्या लोभाचा आहे असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. शिवणयंत्र ही एक वस्तू नसून अनेक वस्तूंचा जुळवलेला संच आहे. वरचा भाग, ज्याला बाजारात हेड म्हणतात, तो निराळा. खालचा लोखंडी स्टँड, लाकडी फळी, पायटा, पट्टा आणि मोटर ही निराळी. घरगुती काळ्या यंत्रांचे कितीतरी भाग पंजाबातील लुधियाना येथे लहान लहान कारखान्यांत बनतात, आणि दिसायला एकसारख्या दोन यंत्रांच्या आतल्या घडणीत पुष्कळ अंतर असू शकते. मिनिटाला चार-पाच हजार टाके घालणाऱ्या कारखानी यंत्राची गोष्ट तर आणखी वेगळी. त्याला जुन्या पद्धतीची क्लच मोटर लावली तर ती काम थांबले तरी फिरत राहते व वीज खाते. सर्वो मोटर पाय दाबला तेवढ्यापुरतीच चालते. साहजिकच दोन्हींच्या किमती निराळ्या. शिवाय घरपोच आणून देणे, जोडून देणे, पहिल्या वर्षाची दुरुस्ती हेही कोणाच्या भावात असते, कोणाच्या नसते. विक्रेता म्हणतो, ‘मी भाव लिहून लावला तर समोरचा शंभर रुपये कमी लिहील आणि संचातली एक वस्तू गाळील.’ या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु त्यावरचा उपाय भाव लपवणे हा नसून संचातील प्रत्येक वस्तूचा भाव वेगळा लिहिणे हा आहे.

शिवणयंत्राच्या किमतीला पडद्याआड जाण्याची सवय जुनीच आहे. अमेरिकेत एलियास होवे यांना १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर यांना १८५१ मध्ये शिवणयंत्राची पेटंटे मिळाली. यंत्र तर झाले. पण सामान्य कुटुंबाच्या मिळकतीच्या मानाने ते फारच महाग होते. तेव्हा १८५६ मध्ये सिंगर यांचे भागीदार एडवर्ड क्लार्क यांनी ते हप्त्याने देण्याची प्रथा सुरू केली. या प्रथेने लाखो घरांची दारे उघडली, हे तिचे श्रेय. पण तिच्यामुळे गिऱ्हाइकाचा प्रश्नही बदलला. ‘किंमत किती?’ याऐवजी ‘हप्ता किती?’ असे विचारले जाऊ लागले, आणि सर्व हप्त्यांची बेरीज किती होते हे पाहण्याचे भान सुटले. आजही हप्त्याने यंत्र घेणाऱ्या घरांत हीच चूक घडते.

ज्या यंत्राला १९२४ मध्ये गांधीजींनी यंत्रांवरील आपल्या टीकेतून आवर्जून वगळले, कारण ते माणसाचे श्रम हलके करते, त्याच यंत्राच्या खरेदीत श्रमणाऱ्या बाईचे श्रम वाया जावेत हे विपरीत होय. समजा, अंदाज नसल्यामुळे एका यंत्रामागे हजार रुपये अधिक गेले आणि शिलाईतून दिवसाला दोनशे रुपये सुटतात. म्हणजे पाच दिवसांची मजुरी केवळ न कळलेल्या भावापायी गेली.

चार दुकाने फिरून चौकशी करावी, असे सहज सांगितले जाते. परंतु फिरण्यालाही किंमत पडते. जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये एका प्रसिद्ध निबंधात हेच दाखवून दिले की, माहिती मिळवण्याला खर्च येतो आणि म्हणूनच एकाच वस्तूचे अनेक भाव बाजारात टिकून राहतात. बमरोलीहून शहरात जायचे तर रिक्षाचे भाडे द्यावे लागते, दिवसाचे काम बुडते, लहान मूल शेजारणीकडे ठेवावे लागते. वीस यंत्रे एकदम घेणारा कारखानदार दूरध्वनीवर चार ठिकाणचे भाव मागवू शकतो. एक यंत्र घेणारी बाई दुसऱ्या दुकानातच थकते. गुप्त भावाचा भार असा नेमका दुबळ्या खांद्यावर येतो.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. आवेष्टित मालावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापण्याचे बंधन १९९० पासून आले, आणि आज ते २००९ च्या वैधमापन कायद्याखालील २०११ च्या नियमांत आहे. तेव्हा खोक्यावर छापलेल्या किमतीवर आणखी कर मागणे बेकायदेशीर आहे. मात्र ही किंमत म्हणजे वरची मर्यादा होय. ती अवाच्या सवा छापून मग ‘खास तुमच्यासाठी’ सूट दिल्याचा देखावा करता येतो. शिवाय गिऱ्हाइकासमोर सुटे भाग जोडून तयार केलेल्या यंत्राला खोकेच नसते, मग छापील किंमत कोठून असणार?

ग्राहक संरक्षण कायदा याच्या पुढे जातो. वस्तूचा दर्जा आणि किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे, असे तो मानतो. धंद्यासाठी वस्तू घेणारा एरवी या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. परंतु स्वतः राबून उपजीविका करण्यासाठीच वस्तू घेणाऱ्याला तो ग्राहक मानतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनीअरिंग वर्क्सच्या खटल्यात हा भेद स्पष्ट केला, आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही तो कायम आहे. शिलाईवर पोट भरणारी बाई या संरक्षणाबाहेर नाही. बिल न देणे ही त्याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीबाबत जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्यास शुल्क नाही, आणि १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राकडे दाद मागता येते. तथापि हातात पक्के बिल नसून कच्ची चिठ्ठी असेल, तर हे सारे हक्क कागदावरच राहतात.

भाव उघड नसला की सरकारने दिलेली सवलतही वाटेत जिरू शकते. २२ सप्टेंबर २०२५ पासून शिवणयंत्रांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पण आदल्या दिवशीचा भाव ज्याला ठाऊक नव्हता, त्याला तो उतरला की नाही हे कसे कळावे? २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत शिंप्यांनाही अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आहे. ही रक्कम विक्रेत्याला ठाऊक आणि यंत्राचा भाव मात्र गिऱ्हाइकाला अज्ञात, अशी स्थिती असेल, तर साहाय्याचा आकडाच यंत्राची किंमत होऊन बसण्याची भीती असते.

उपाय अवघड नाहीत. पॅरिसच्या ‘बों मार्शे’ या दुकानाने १८५२ नंतर प्रत्येक वस्तूवर ठरीव किंमत लावली आणि त्यायोगे त्याचा धंदा वाढतच गेला. आपल्याकडेही ‘एकच भाव’ अशी पाटी लावून पिढ्यान्‌पिढ्या विश्वास कमावलेली दुकाने आहेत. शिवणयंत्राच्या दुकानदाराने हेड, स्टँड, मोटर, जोडणी आणि दुरुस्ती यांचे दर एका फलकावर लिहावेत. कमी भावात काय मिळत नाही हेही लिहावे. चांगला माल ठेवणाऱ्याचा त्यात तोटा नाही.

गिऱ्हाइकांनाही एक वाट आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली आणि १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करून एकत्र खरेदीचा पाठ घालून दिला. बमरोलीतील एका गल्लीत चार जणींना यंत्रे हवी असतील, तर चौघींनी चार दुकाने वाटून घ्यावीत. हेड कोणते, मोटर कोणती, हमी किती दिवसांची, सर्व मिळून किती, हे प्रत्येकीने कागदावर लिहून आणावे. आणि संध्याकाळी ओट्यावर ते कागद शेजारी शेजारी ठेवावेत. दुसऱ्या दिवशी चौघी मिळून दुकानात जातील, तेव्हा ‘कोठून आलात, आणखी कोठे चौकशी केलीत?’ या प्रश्नाला त्यांच्यापाशी सरळ उत्तर असेल. मग पक्के बिल घेऊनच यंत्र रिक्षात चढवावे.