पुरे कोणी म्हणावे?

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीत आपण बसलात, की आपट्याच्या पुढे जिते हे लहानसे स्थानक लागते. मग हमरापूर, मग पेण. आहे त्यात समाधान मानावे की अधिकाची इच्छा धरावी, हा प्रश्न या मुलखात पुस्तकी राहिलेला नाही. इथे तो जमिनीच्या मापाने विचारला गेला आहे.

याच पेण तालुक्यातील गागोदे गावी १८९५ साली विनोबा भावे जन्मले. विनोबा म्हणजे संतोषाचे उपदेशक, असे आपण समजतो. ते अर्धेच खरे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीत भूमिहीन दलित कुटुंबांनी त्यांच्यापाशी ८० एकर जमीन मागितली. 'आहे त्यात सुख माना' असे काही विनोबांनी त्यांना सुनावले नाही. मागणी गावापुढे ठेवली, आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. पुढे गावोगाव हिंडून ते जमीनवाल्याला सांगत, की मला घरातला आणखी एक मुलगा समजा आणि सहावा हिस्सा द्या. म्हणजे 'पुरे' हा शब्द त्यांनी घातला तो ज्याच्यापाशी पुरून उरत होते त्याच्या तोंडी. आपण मात्र तुकोबांचा दाखला काढतो तो बहुधा मोलकरीण पगारवाढ मागते तेव्हा! भूदानात आलेली पुष्कळ जमीन खडकाळ किंवा तंट्यातली निघाली, हेही सांगितले पाहिजे. हातचे सोडायचे म्हटले की माणूस आधी नापीक तुकडाच सोडतो.

दुसरी गोष्ट अलीकडची. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी या तालुक्यातील जमिनी घ्यायचे घाटत होते. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत सरकारने शेतकऱ्यांचे मत घेतले. कौल मुख्यतः नकाराचा पडला, आणि पुढे तो बेतही बारगळला. एवढा पैसा नको म्हणणारा हा कोण साधू, असे शहरातल्या माणसाला वाटेल. पण तो साधू मुळीच नव्हता. धरण उशाशी, तरी शेताला पाणी नाही. पाणी चालले नव्या मुंबईकडे. ते आधी आमच्या खाचरात आणा, पावसाळी भातावर दुसरे पीक काढू, असा त्याचा रोकडा हिशेब होता. त्यालाही अधिकच हवे होते, मात्र जमीन विकून नव्हे, जमीन कसून. याला संतोष म्हणावे की हाव? मला वाटते, दोन्ही शब्द त्याला तोकडे पडतात.

आणि जित्याला लागूनच हमरापूर-जोहे भागात गणपतींचे कारखाने आहेत. पेणच्या मूर्तींना २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. शाडूच्या जोडीला प्लास्टर आले तशी मूर्ती हलकी झाली, लवकर होऊ लागली, आणि संख्या वाढली. कारागिराच्या मुलांचे शिक्षण त्या वाढीव मूर्तींवरच होत असेल, तर त्याला हावरा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. प्लास्टर पाण्यात विरघळत नाही, ते खाडीला आणि तलावाला सोसावे लागते, हे खरे. पण यंदा मूर्ती गेल्या वर्षीपेक्षा हातभर उंच हवी, हे त्याला कोण सांगते? तो तर आपण दिलेल्या मापानेच साचा भरतो.