साच्यांचे देशांतर

(जयपूर येथील सी-स्कीममध्ये मराठी श्रोत्यांसमोर अनुवादकाने केलेले भाषण)



अनुवादकाला व्याख्यानासाठी बोलावले की तो भाषेविषयी बोलणार, असे श्रोते गृहीत धरतात. मी मात्र आज खेळण्यांविषयी बोलणार आहे. त्यातही परग्रहावरून आलेले म्हणून विकल्या गेलेल्या प्लॅस्टिकच्या बाहुल्यांविषयी. विषय पोरकट वाटण्याचा संभव आहे. परंतु एखादे रूप एका देशातून दुसऱ्या देशात जाते तेव्हा त्यातले काय टिकते, काय बदलते आणि मूळ कर्त्याचे नाव कोठे गळून पडते, हे प्रश्न या बाहुल्यांत जितके उघडपणे दिसतात तितके ग्रंथांतही क्वचितच दिसतात.

हा विषय मांडण्यास जयपूर हे स्थळ योग्यच आहे. सवाई जयसिंहांच्या दरबारातील जगन्नाथ सम्राट हे पंडित मूळचे महाराष्ट्रातले, अशी परंपरा सांगते. त्यांनी युक्लिडचा भूमितीवरील ग्रंथ 'रेखागणित' या नावाने संस्कृतात आणला, तो मूळ ग्रीकवरून नव्हे, तर नसिरुद्दीन तुसी याच्या अरबी पाठावरून. ग्रीकातून अरबीत आणि अरबीतून संस्कृतात असा तो प्रवास आहे. तिसऱ्या भाषेत पोहोचलेला युक्लिड कमी प्रतीचा ठरला काय? आज ज्या बाहुल्यांची वंशावळ सांगणार आहे, त्यांच्याविषयीही हाच प्रश्न विचारावयाचा आहे.

या वंशावळीचा आरंभ परग्रहावर नसून जर्मनीत आहे. १९५५ मध्ये तेथे 'लिली' नावाची एक बाहुली विक्रीस आली. ती पाहून अमेरिकेतील मॅटेल कंपनीच्या रूथ हँडलर यांनी १९५९ मध्ये 'बार्बी' बाजारात आणली, आणि पुढे १९६४ मध्ये मॅटेलने लिलीचे हक्क रीतसर विकत घेतले. त्याच वर्षी हॅस्ब्रो कंपनीने मुलांसाठी 'जी. आय. जो' हा सुमारे २९ सेंटिमीटर उंचीचा सैनिक काढला. बाहुली एकदा विकावयाची आणि तिचे कपडे, सामान पुढे विकत राहावयाचे, ही बार्बीची व्यापारनीती त्याने उचलली. परंतु मुलगे बाहुली घेणार नाहीत या भीतीने तिला 'ॲक्शन फिगर' असे नाव दिले. या सैनिकाचे एकवीस भाग हलत असत. वस्तू तीच, नाव बदलताच ती दुसऱ्या घरात शिरली. अनुवादकाला हा अनुभव अपरिचित नाही.

पुढे जपानच्या ताकारा कंपनीने या सैनिकाचे साचे परवाना घेऊन आपल्या देशात नेले. जपानी मुलांना अमेरिकी सैनिकाचे आकर्षण मर्यादितच होते. तेव्हा १९७२ मध्ये ताकाराने तेच शरीर पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये ओतले, छातीच्या आत यंत्रे दाखवली आणि त्याला 'हेन्शिन सायबोर्ग', म्हणजे रूप बदलणारा यंत्रमानव, असे नाव दिले. त्याच्याशी लढावयास परग्रहावरील शत्रू हवा होता. तो 'किंग वाल्डर' म्हणून आला, पण शरीर पुन्हा तेच! डोके निराळे, आवरण निराळे. पेणच्या गणपती कारखान्यांत एकाच साच्यातील धडाला हात, फेटा आणि आसन बदलून निराळी मूर्ती सिद्ध करतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही.

१९७३ मध्ये तेलाची टंचाई झाली आणि प्लॅस्टिक महागले. पुढच्याच वर्षी ताकाराने सुमारे दहा सेंटिमीटरचे 'मायक्रोमॅन' काढले. या लहानपणाला टंचाई हे एक कारण होते. परंतु कथा रचणाऱ्यांनी त्या अडचणीचेच सोने केले. त्यांनी सांगितले, की हा मोठ्या वीराचा छोटा पुतळा नाही. हा परग्रहावरचा प्राणी मुळातच एवढ्या उंचीचा आहे आणि आपल्या घरात लपून राहतो. खेळणे आणि त्याने दर्शविलेली वस्तू यांतील अंतरच नाहीसे झाले. माझ्या मते खेळण्यांच्या इतिहासातील ही अत्यंत बुद्धिमान कल्पनांपैकी एक होय.

१९७६ मध्ये अमेरिकेच्या मेगो कंपनीने हे बाहुले 'मायक्रोनॉट्स' या नावाने विकावयास घेतले. साचे आले, जपानी कथा मात्र मागे राहिली. पुढे बिल मँटलो या लेखकाने आपल्या मुलाला मिळालेली ही खेळणी पाहून त्यांच्यासाठी नवीच कथा रचली आणि १९७९ पासून ती मार्व्हलच्या चित्रमालिकेत आली. मेगोनेही अँट्रॉन, रेप्टो, मेम्ब्रॉस यांसारखे स्वतःचे परग्रहवासी या मालिकेत घातले. म्हणजे जी. आय. जो याच्या साच्यापासून निघालेली ही परंपरा जपानमार्गे अमेरिकेत परतली, तेव्हा तिला तेथे कोणी ओळखले नाही.

याच ताकाराच्या 'डायाक्लोन' मालिकेतील मोटारगाड्यांचे यंत्रमानव होत आणि आत छोटा चालक बसे. १९८४ मध्ये हॅस्ब्रोने ही खेळणी मायक्रोमॅनच्या उपशाखेतील काही खेळण्यांसह घेतली व 'ट्रान्सफॉर्मर्स' म्हणून विकली. आता यंत्रमानव स्वतःच सायबरट्रॉन ग्रहावरचे सजीव ठरले. त्यांना चालकाची गरज उरली नाही. पण साचा जुनाच होता. म्हणून त्या आरंभीच्या गाड्यांची दारे उघडली की आत कोणीही न बसणाऱ्या इवल्याशा खुर्च्या दिसत. कथेतून पुसलेली गोष्ट साच्यात शिल्लक राहिली. मूळ भाषेतील एखादा शब्द अनुवादात असाच निराधार उरतो आणि जाणकाराला मूळ घराचा पत्ता सांगतो. आपण जेथे बसलो आहोत त्या वस्तीचे नाव तरी काय आहे? नगररचनेच्या एका योजनेचे अक्षर! अशोकनगर हे नाव असूनही लोकांच्या तोंडी 'सी-स्कीम'च राहिले.

प्रभाव म्हणजे केवळ साचा उचलणे, असा मात्र समज होऊ नये. १९६६ मध्ये मॅटेलने 'मेजर मॅट मेसन' हा रबरी शरीरात तार घातलेला, वाकणारा अंतराळवीर काढला. मेल बर्नक्रँट या रचनाकाराला वाटले, की या एकाकी वीराला अंतराळात कोणी भेटावयास हवे. म्हणून १९६८ मध्ये त्याने कलरफॉर्म्स या दुसऱ्याच कंपनीसाठी 'आउटर स्पेस मेन' हे सात परग्रहवासी निर्माण केले. त्यांची शरीरेही तशीच वाकणारी होती. शुक्राचा प्राणी देवदूतासारखा पंख असलेला, नेपच्यूनचा जलचरासारखा. युरेनसच्या प्राण्यावर १९५५ च्या एका चित्रपटातील राक्षसाची छाया. मॅटेलनेही आपल्या वीराला गुरू ग्रहावरचा, हिरव्या पारदर्शक डोक्याचा 'कॅलिस्टो' हा मित्र दिला. दुसऱ्याने लिहिलेल्या वाक्याला उत्तर म्हणून वाक्य लिहावे, तसा हा प्रकार आहे. येथे उसनवारी नाही, संवाद आहे. आणि लक्षात घ्या, या संवादात परका प्राणी शत्रूच असला पाहिजे, असे कोणी धरलेले नाही.

कधी कधी चुकीच्या वाचनातूनही नवे रूप जन्मते. 'स्टार वॉर्स' चित्रपटातील मद्यगृहात बसलेल्या एका परग्रहवाशाचे खेळणे केनर कंपनीने १९७८ मध्ये केले, तेव्हा रचनाकारांसमोर असलेल्या छायाचित्रात कमरेखालचा भाग दिसत नव्हता. त्यांनी त्याला निळा पोशाख, उंच शरीर आणि लांब बूट दिले. प्रत्यक्षात तो प्राणी बुटका आणि लाल पोशाखातला होता. पुढे चूक सुधारली गेली. पण संग्राहक आज तो निळा, चुकलेला बाहुलाच अधिक आवडीने शोधतात.

आता आपल्या देशाकडे वळू. १९८२ मध्ये मॅटेलने इटर्निया या काल्पनिक ग्रहावरील 'ही-मॅन' आणि त्याचा परिवार काढला. ही-मॅनचे धड पुढे अनेक मित्रांच्या आणि शत्रूंच्या वाट्याला आले. त्याचे वाहन असलेला वाघ तर 'बिग जिम' या जुन्या, उंच बाहुल्याच्या मालिकेतला. तो साचा लहान ही-मॅनपुढे आणला तेव्हा एवढा मोठा ठरला, की त्यावर बसता येऊ लागले. हा परिवार मुंबईच्या ब्लो प्लास्ट कंपनीने 'लिओ' या नावाखाली मॅटेलच्या सहयोगाने भारतात तयार केला. दरम्यान जी. आय. जोही १९८२ मध्ये नव्या अवतारात आला, तो मायक्रोमॅनच्याच मापाचा. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या सहयोगातून १९८७ मध्ये स्थापन झालेल्या फनस्कूलने हे बाहुले भारतात काढले; त्या कंपनीचा कारखाना गोव्यात होता. अमेरिकेत ही मालिका १९९४ मध्ये थांबली, तरी आपल्याकडे त्या जुन्या साच्यांतून बाहुले पुढे कित्येक वर्षे निघत राहिले. रंग मात्र अनेकदा आपले असत: जेथे मूळ बाहुला मळकट हिरवा, तेथे आपला भडक पिवळा किंवा निळा.

या रंगांना पुष्कळ लोक नाके मुरडत. परदेशातून कोणी आणलेला बाहुला तो खरा आणि दुकानातला देशी तो दुय्यम, अशी समजूत होती. हीच समजूत अनुवादित पुस्तकांविषयीही आहे, म्हणून ती मला बोचते. जो स्वतःच लिलीपासून बार्बीपर्यंत आणि तेथून सैनिकापर्यंत येऊन घडला, ज्याचे माप जपानच्या टंचाईत रुळले, त्यातला 'अस्सल' कोणता म्हणावयाचा? या साखळीत अस्सल असे पहिले टोक सापडत नाही. प्रत्येक कडीने काही घेतले आणि काही घातले, एवढेच दिसते. आज परदेशांतील संग्राहक भारतीय बाहुले त्यांच्या वेगळ्या रंगांसाठीच मागवतात. ज्याला आपण उणीव मानले, ती आपली भर होती.

परंतु यावरून सर्व उसनवारी सारखीच, असा निष्कर्ष मी काढणार नाही. घेताना भर घालणे आणि ज्याचे घेतले त्याचे नाव राखणे, या दोन कसोट्या सुटता कामा नयेत. पहिली कसोटी या बाहुल्यांपैकी बरेच जण पार करतात. दुसरी फार थोडे. जुन्या बाहुल्याच्या पाठीवर किंवा पायावर बारीक अक्षरांत वर्ष, देश आणि कंपनी कोरलेली असते. मातीत किंवा मेणात तो पहिल्यांदा घडवणाऱ्या शिल्पकाराचे नाव त्यांत नसते. बर्नक्रँटसारखे नाव आपणास ठाऊक आहे ते अपवाद म्हणून. ताकाराच्या कारखान्यात पारदर्शक छातीतली यंत्रे कोणी कोरली, गोव्यात पिवळा रंग कोणी ठरवला, हे कोणत्याही खोक्यावर छापलेले नसे.

आपल्यापैकी काहींच्या घरी माळ्यावर असा एखादा बाहुला पडला असेल. तो काढून त्याच्या पाठीवरची अक्षरे वाचा, सांधे हलवून पाहा, आणि तो कोठकोठून येथवर आला असेल याचा विचार करा. आणि वाचनालयातून एखादे अनुवादित पुस्तक घरी न्याल तेव्हा मुखपृष्ठानंतरचे ते पान उलटण्यापूर्वी त्यावरील दोन्ही नावे वाचा. माझी मागणी एवढीच आहे.